वाजवू का?

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आमचे शिपाईमामा रजेवर होते. पुतण्याचं लग्न. त्यांच्या जागी शेजारच्या शाळेतून एक तरुण शिपाई आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट, अंगात उत्साह. मधल्या सुट्टीची घंटा त्याने अशी काही हाणली की फळ्यावर लिहिताना माझ्या हातातला खडू मोडला. मागे वळले तर राजा बाकाखाली. दोन्ही तळहात कानांवर, कोपरं गुडघ्यांत रुतवलेली आणि तोंडातून एकच लांब स्वर, कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ जशी आवाज करते तसा. बाकीचा वर्ग ताटल्या घेऊन खिचडीच्या रांगेकडे पळाला होता. मी जमिनीवर बसले आणि त्याच्यापुढे चित्रकार्ड धरलं. डावीकडे घंटेचं चित्र, उजवीकडे ताटलीचं. त्याने ते माझ्या हातून घेतलं आणि कोपऱ्यात कडकडून चावलं.

मला लागलं ते वेगळ्याच कारणाने. आठच दिवसांपूर्वी वर्णनात्मक नोंदींच्या वहीत त्याच्या पानावर मी लिहिलं होतं : ‘चित्रकार्डांच्या नियमित वापरामुळे घंटेच्या आवाजाची भीती कमी झाली आहे.’ निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. मुलाला राजा त्याची आई म्हणते, म्हणून मीही इथे तेच म्हणते. खरं नाव लिहायचं कारण नाही. ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं होतं, आणि ते राजाबद्दल कमी, स्वतःबद्दल जास्त होतं.

सोमवारी मामा कामावर आले. त्या दिवशी घंटेची वेळ झाल्यावर मी मुद्दाम फळ्याकडे पाठ करून उभी राहिले. एरवी त्या वेळी मी गृहपाठ लिहून देत असते, तोंड फळ्याकडे, त्यामुळे मागच्या खिडकीत काय चालतं ते मला कधी दिसतच नाही. खिडकीत मामा आले. गजावर नखाने दोनदा टकटक केलं. राजाने मान वळवली. मामांनी हातातला लाकडी हातोडा वर करून दाखवला.

“राजा, वाजवू का?”

राजा कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. त्याने हातोड्याकडे बघितलं आणि म्हणाला, “वाजव.”

मामा गेले. मग घंटा झाली, पण नेहमीची ठणठणीत नव्हे. कोणी उशीवर धपाटा घालावा आणि त्यामागून पितळेने नुसतं हुंकारावं, तशी. मी बाहेर जाऊन पाहिलं तर हातोड्याच्या तोंडाला जुन्या स्वेटरची बाही चढवलेली, वरून सुतळी आवळलेली. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून हे चालू होतं. लांबच्या वर्गांना घंटा ऐकू जात नाही म्हणून मामा “सुट्टी झाली रे” असं ओरडत व्हरांडाभर फिरत असत. ते ओरडणं मी महिना-दीड महिना रोज ऐकत होते. वय झालं, आता मामा बडबडतात, असं मी स्टाफरूममध्ये म्हणालेही होते.

राजा जूनमध्ये माझ्या दुसरीच्या वर्गात आला तेव्हा पाऊस होता. वर्गात ओल्या रेनकोटांचा, रबराचा आणि नव्या पुस्तकांचा मिळून एक वास असतो, तो मला आवडतो. राजाला सहन होत नव्हता. तो दारातच नाक दाबून उभा राहिला, आणि आई त्याच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी आत्ता नाही म्हणणार. पिशवीतून तिने प्लॅस्टिकमध्ये घातलेलं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं. त्यावर स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात हा शब्दच नव्हता. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले आणि राजासारख्यांना कागदावर जागा मिळाली. आता कागदावर जागा मिळाली म्हणून बाकावर मिळतेच असं नाही. माझ्या वर्गात त्रेचाळीस मुलं होती. डीएडला ‘विशेष गरजा असणारी बालके’ असा एक घटक होता, तो मी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केला होता. व्याख्या, प्रकार, उपाय. उपायांत कुठेही असं लिहिलेलं नव्हतं की मूल दारात नाक दाबून उभं राहिलं तर काय करावं.

त्या दिवशी त्याला आत कोणी आणलं, तर मामांनीच. त्यांनी काही विशेष केलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलाने दाराजवळचा बाक कोरडा पुसला आणि निघून गेले. दार उघडं, वारा येणारा, सगळ्यांपासून हातभर लांब. राजा जाऊन तिथे बसला. मी मात्र त्याची जागा दुसऱ्या रांगेत, हुशार मुलाशेजारी, आधीच ठरवून ठेवली होती.

यावरून मला माझ्या स्वतःच्या शाळेतली एक मुलगी आठवते. पोलिओ झालेली, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. आमचा चौथीचा वर्ग वरच्या मजल्यावर. रोज सकाळी शाळेचे शिपाई तिला पाठुंगळीला घेऊन जिना चढत, आणि तिच्या बुटाची पट्टी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला लागून टिक-टिक वाजे. तो आवाज आला की आम्ही वह्या काढायचो. ते शिपाई ज्या दिवशी नसत, त्या दिवशी ती शाळेत नसे, आणि यात काही चुकतंय असं आमच्या बाईंना वाटत नसे, आम्हालाही नाही. वर्ग खाली आणावा, हे कोणाच्या मनातही आलं नाही. खेळाच्या तासाला ती आमच्या चपला राखायची. ती चपला फार नीट राखायची, जोड्या लावून. हे मला आज आठवतं तेव्हा त्या शिपायांबद्दल माया वाटते आणि त्याच क्षणी कसंसंही होतं. एका माणसाच्या चांगुलपणावर एका मुलीचं अख्खं शिक्षण टांगलेलं होतं, आणि तो माणूस जिना उतरला की ती आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.

विशेष शिक्षिका आमच्याकडे शुक्रवारी येतात. स्कूटीवर, मागे ही भलीमोठी पिशवी. पिशवीत मणी, चिमटे, वाळूचा कागद चिकटवलेली अक्षरं, एक पिवळा स्पंजचा चेंडू आणि तळाशी त्यांचा स्वतःचा डबा, जो बहुतेक वेळा न उघडता परत जातो. त्यांनी कितीतरी वर्षं कंत्राटावर काढली आहेत, आणि एका दिवसात तीन शाळा करतात. किती मुलांमागे किती विशेष शिक्षक हवेत ते ठरवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारला सांगितलं, आणि २०२२मध्ये केंद्राने ते ठरवलं : प्राथमिक स्तरावर विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक, आणि त्यापुढे पंधरांमागे एक. मॅडमना मी हे एकदा विचारलं तर त्या हेल्मेटचा पट्टा लावत नुसत्या हसल्या.

आमचं सुरुवातीला जमलं नाही. भांडण वगैरे नव्हतं, त्यापेक्षा वाईट, फार सभ्य वागायचो एकमेकींशी. त्या आल्या की मी म्हणायचे, “राजा, तुझ्या मॅडम आल्या.” त्या राजाला घेऊन व्हरांड्यात जायच्या, सतरंजी टाकायच्या आणि मी माझे बेचाळीस घेऊन सुटायचे. हो, सुटायचेच. शुक्रवारचा तो तास माझा सगळ्यात हलका तास होता. त्या जाताना म्हणायच्या, “मॅडम, तुमच्या राजाने आज बारा मणी ओवले.” मी म्हणायचे, “अरे वा, तुमच्याकडे छान करतो तो.” तुमचा, तुमच्याकडे, असं आम्ही दोघी त्या पोराला उंबऱ्यावरून एकमेकींकडे सरकवत होतो. शेवटी ऑगस्टात त्या म्हणाल्या, आणि आवाज चढवून नव्हे, “मी आठवड्यातून जेमतेम सव्वा तास असते. बाकी वेळ तो कोणाचा?” मला राग आला. घरी जाऊन भाजी चिरतानाही तो राग होता. मग पुढच्या शुक्रवारी मीच म्हटलं, आज तुम्ही वर्ग घ्या, मी त्याच्याजवळ बसते.

दाराजवळच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा माझा वर्ग बघितला. उजेड बाहेरून येतो तो थेट फळ्यावर पडतो आणि त्या बाकावरून फळ्याची उजवी बाजू नुसती चकाकते. मी नेमका गृहपाठ तिकडेच लिहिते. डोक्यावरच्या पंख्याला एक ‘कटक’ आहे, दर फेरीला एक. मला तो अकरा वर्षांत ऐकू आला नव्हता, आणि एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकू येईना. मॅडम पुढे उभ्या राहून म्हणाल्या, “पुस्तक काढा.” थांबल्या. मुलांची दप्तरं वाजली, शांत झाली. मग म्हणाल्या, “पान अठरा.” पुन्हा थांबल्या. मी काय म्हणते? “चला पुस्तक काढा पान अठरा पहिला प्रश्न पेन्सिलीने हं पेन नको.” एका दमात. राजा अजून ‘पुस्तक’पाशी असताना माझी गाडी पेन्सिलीवर पोचलेली असते, आणि मग मी म्हणते की तो सूचना ऐकत नाही. त्या दिवशी मॅडमच्या थांबण्यामुळे मागच्या बाकावरच्या आणखी दोन मुलांनीही पान अठरा उघडलेलं मी पाहिलं. त्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नव्हतं. मॅडमचीही फजिती झाली, ती सांगायला हवी. त्रेचाळीस मुलांपुढे विसाव्या मिनिटाला त्यांचा घसा बसला आणि मागे दोघांनी कागदाचं विमान सोडलं. बाहेर आल्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावून त्या म्हणाल्या, “रोज कसं करता हो?” तेव्हापासून आम्ही एकमेकींशी जरा बऱ्या बोलतो.

खिचडी करणाऱ्या मावशींची गोष्ट निराळी. राजाला मटकी चालत नाही. चवीमुळे नाही, दाताखाली ती फुटते म्हणून. मावशींनी हे तिसऱ्याच दिवशी ओळखलं आणि भातात मटकी घालायच्या आधी त्याच्यापुरता भात वाटीत काढून ठेवायला लागल्या. मी म्हटलं, त्याला सवय लागायला हवी. मावशी पळी हलवत म्हणाल्या, “आधी पोटात तर जाऊ द्या बाई.” यात चूक कोण, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मावशींचं प्रेम तिथे थांबलं नाही. त्या त्याला भरवायला लागल्या, मग बुटाचे बंद बांधायला लागल्या, मग त्याची ताटलीही धुवायला लागल्या. घरी स्वतःच्या हाताने जेवणारा मुलगा शाळेत तोंड उघडून बसायला लागला. विशेष शिक्षिकांनी त्यांना थांबवलं. गोड शब्दांत, पण सगळ्यांसमोर. मावशी चार दिवस कोणाशी बोलल्या नाहीत आणि त्या चार दिवसांत खिचडीला मीठ जास्त पडत होतं, हे अख्ख्या शाळेने पाहिलं. पाचव्या दिवशी मॅडम शुक्रवार नसताना आल्या, चुलीपाशी पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, मावशी, तो तुमचंच ऐकतो, म्हणून तुम्हीच त्याला शिकवा. तेव्हापासून मावशी ताटलीच्या कडेला मटकीचा एकच दाणा ठेवतात. राजा तो दाणा बोटाने ढकलून खाली पाडतो. पूर्वी दाणा दिसला की तो उठून जायचा. दोघांचं हे रोज चालतं, आणि घाई कोणालाच नाही.

एक विषय असा आहे की त्यावर कोणी बोलत नाही, लघवीचा. राजाला वेळेवर सांगता येत नाही. चड्डी ओली झाली की कोणी बदलायची? माझ्या कामात ते बसत नाही, मावशी स्वयंपाकाच्या हाताने करू शकत नाहीत, मामा पुरुष म्हणून बरे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांना कोणी विचारलं नाही. शाळेत दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे. बाहेर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्रही काढलं आहे. आत लेझीमचे गठ्ठे, एक तुटकं बाक आणि कुलूप. किल्ली मागून मागून सप्टेंबरात मिळाली. लेझीम मामांनी एकट्याने हलवले, आणि पहिल्या दिवशी मी आपली हजेरी घेत होते.

माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात एका मोठ्या खाजगी शाळेत आहे. त्याचंही निदान राजासारखंच. तिथे शॅडो टीचर असते, म्हणजे त्या एकाच मुलाजवळ बसणारी मदतनीस, पगार आईवडील देतात. मी एकदा तासभर तो वर्ग बघून आले. वर्ग थंडगार, भिंतींवर रंगीत तक्ते, आणि मुलाशेजारी लहान खुर्चीवर एक गुणी मुलगी सतत वाकलेली. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या, पण त्या तासाभरात त्या मुलाशी एकदाही थेट बोलल्या नाहीत. “त्याला वही काढायला सांगा,” असं त्या शॅडो टीचरला सांगत. तो चार फुटांवर होता. इंग्लंडमध्ये वर्गसहायकांच्या कामाचा मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष २००९मध्ये आले. ज्या मुलांना सहायकांची मदत जास्त मिळत होती, ती त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा मागे पडत होती. ऐकायला हे उलटं वाटतं. संशोधकांनी दोष सहायकांना दिला नाही. मूल सहायकाच्या हवाली झालं की शिक्षकाशी त्याचा संबंध कमी होत होता, आणि शिक्षक व सहायक यांनी आधी बसून बोलावं यासाठी वेळच बहुतेक कुठे ठेवलेला नव्हता. हे वाचल्यावर मला आमची व्हरांड्यातली सतरंजी दिसली.

आमचा वेळ किती, तर शुक्रवारची मधली सुट्टी. तिच्यातून वह्या गोळा करणं, पडलेल्या मुलाला हळद लावणं आणि मुख्याध्यापक सरांची तातडीची माहिती वजा केली की अकरा-बारा मिनिटं. त्यात मी आणि मॅडम भिंतीला टेकून उभ्याने बोलतो. ती अकरा मिनिटं संपल्याचं मामाच सांगतात. इतक्या जवळ उभे असूनही आमच्या बोलण्यात त्यांना कधी ओढावंसं वाटलं नाही आम्हाला.

जानेवारीत राजाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यासाठी बसायचं होतं. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, पालक, अशा चार सह्यांच्या जागा. मी मामांना बोलावलं. ते दारात उभे राहिले. बसा म्हटलं तर म्हणाले, “र्‍हाऊ द्या, पाण्याची टाकी भरायचीय.” सरांनी पुन्हा म्हटल्यावर ते मुलांच्या बाकाच्या अगदी टोकावर टेकले, म्हणजे बसले असंही नाही आणि उभे असंही नाही. मॅडमनी विचारलं, मामा, त्याला आधी विचारायचं तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही दोघींनी प्रशिक्षणात शिकलेलं काहीतरी ते बोलून दाखवतील, असं मला उगाच वाटत होतं.

“आमच्याकडं म्हसरं व्हती,” मामा म्हणाले. “म्हशीला मागनं हात लावला की बुजती. आधी हाक द्यायची, मंग हात लावायचा. लेकरू काय येगळं असतंय?”

राजाच्या आईकडे मी चोरून बघितलं. मुलाची म्हशीशी तुलना, तिला काय वाटलं असेल? तिने पदर तोंडाला लावला होता. हसत होती. “आमच्या घरी पण म्हैस आहे,” ती म्हणाली, “तिच्याजवळ तो तासन्‌तास बसतो.” सात महिन्यांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. प्रगतीची तक्रार सांगायलाच दर वेळी बोलावलं होतं.

मग मी नोंदवही काढली. पांढरी शाई लावायची सोय नाही, खाडाखोड केली तर शेजारी सही लागते. ‘चित्रकार्डांच्या नियमित वापरामुळे’ यावर मी एक रेघ मारली, सही केली आणि वर बारीक अक्षरात लिहायला लागले की शिपाईमामा रोज घंटेआधी... मामा घाईने उठले. “माझं नाव नका घालू बाई. उद्या साहेब आले अन् म्हणाले, सरकारी घंटेला फडकं कुणी बांधलं, तर?” सर खिडकीबाहेर बघत होते. माझं वाक्य अर्ध्यावर आहे, अजून तसंच आहे. त्या पानावर मी पुढच्या महिन्याच्या नोंदी खाली लिहायला घेतल्या आणि दर वेळी ते अर्धं वाक्य डोळ्यांसमोर येतं.

मामा येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. जागा भरतील असं कोणालाच वाटत नाही. त्याआधी, म्हणजे गेल्याच आठवड्यात, शाळेला विजेची घंटा मंजूर झाली. आपोआप वाजणारी, वेळा लावून ठेवायच्या. वायरमनने ती माझ्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर बसवली, कारण बोर्ड तिथे जवळ होता. तीन वेळा वाजवून बघायची, असं ठरलं. मी वर्गात राजाच्या बाकाशी जाऊन उभी राहिले आणि खिडकीतून मामांना विचारलं, काय करायचं? मामांनी पिशवीतून स्वेटरची बाही काढली होती. ती हातात धरून ते त्या चकचकीत डब्याकडे खालून, मग बाजूने बघत होते.

“बाई,” ते म्हणाले, “ह्याला बाही कुठं चढवायची?”

राजा त्यांच्या हाताकडे बघत होता. हातोडा नव्हता.

“वाजव,” तो म्हणाला.